जवानाचं नाक

"हितं मेडलं करून मिळत्यात का?"

"मिळतात की. कबड्डी, कुस्ती, खो-खो, वक्तृत्व, सुंदर हस्ताक्षर. सोनेरी, रुपेरी, तांब्याच्या रंगाचं. कुठलं हवंय?"

"लढाईचं," बाई म्हणाली.

मी हातातली ढाल खाली ठेवली.

ही १९९१ सालच्या जानेवारीतली गोष्ट. साताऱ्यात राजपथावर माझं 'खटावकर ट्रॉफीज' हे दुकान होतं. शाळाशाळांतून स्नेहसंमेलनं चालली होती, त्यामुळे दुकानात चषकांना ठेवायला जागा होती, माणसांना नव्हती. बाई उंबऱ्यातच उभी होती. वय अठ्ठावीस-तीस, डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी. रस्त्यानं जाणाऱ्याला तोंड दिसू नये अशा बेतानं तिनं रस्त्याकडे पाठ केली होती.

"लढाईची मेडलं सरकार देतं, ताई. मी देत नाही."

"सरकारनं दिली व्हती. ती गेली."

"कुठं गेली?"

"बोहारणीकडं."

मी तिला आत बोलावून स्टूल दिलं.

तिचं नाव शालन फडतरे. गाव निगुडवाडी, साताऱ्यापासून एसटीनं तासाभरावर. या वाडीतून घरटी एक माणूस पलटणीत जातो. हिचा नवराही पलटणीत, तेव्हा आसामात होता. सासरे पासष्टच्या लढाईत गेले. त्यांची चार मेडलं घरी आली, ती सासूनं पंचवीस वर्षं ट्रंकेत जपली. दिवाळीच्या आधी सासू लेकीकडे कोरेगावला गेली असताना शालननं घर आवरायला काढलं. ट्रंकेत सासऱ्यांचा लष्करी कोट होता. त्याला कसर लागली होती. दारावर बोहारीण आली. शालननं तिला तो कोट दिला आणि स्टीलची घागर घेतली.

"मेडलं कोटाच्या आतल्या खिशात व्हती," ती म्हणाली.

"खिसे नाही बघितलेत?"

"मेडलं बिस्किटाच्या डब्यात असत्यात आसंच मला वाटायचं. आत्या कुणाला हात लावू देत न्हाईत. लांबनं दावायच्या आन ठिवून द्यायच्या. कोटाला तर त्याच धा येळा म्हणल्या व्हत्या, टाकाया पायजे म्हणून."

"मग कळलं कधी?"

"परवा सुभेदार घरी आलं व्हतं. गावात शहीद जवानांचा खांब उभा केलाय, त्येचं सव्वीस तारखेला उद्‌घाटन हाय. ब्रिगेडियर सायेब येणार. म्हणलं, वैनी, तुमी मेडलं लावून यायचं. आत्या म्हणल्या, हायत की, ह्यांच्या कोटाच्या खिशात."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"भाकरी करपवली."

ट्रंक अजून उघडली नव्हती. सासूबाई संक्रांत झाली की उघडणार होत्या. कोट कसरीनं खाल्ला म्हणून जाळला आणि मेडलं डब्यात काढून ठेवली, असं सांगायचं शालननं ठरवलं होतं. फक्त डब्यात मेडलं हवी होती.

"सासूबाईंना कळलं तर काय करतील? मारतील?"

"छ्या. मारत्यात कशाला!" तिनं पदर सावरला. "काय बोलायच्याच न्हाईत त्या. आठ वर्सं झाली लग्नाला, एक वंगाळ शबुद न्हाई त्यांचा मला. आन मी त्यांचं येवढं एकच व्हतं ते घागरीवर दिलं. त्या गप बसल्या ना भाऊ, तर मला त्या घरात ऱ्हावणार न्हाई."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"कडेला नाव आणि नंबर कोरलेला असतो," मी म्हणालो. "तो माहीत आहे का?"

"मामंजींचा? म्हाईत हाय. दरसाल आत्यांना हयातीचा दाखला द्यायला घेऊन जाते न्हवं. आत्या नाव घेत न्हाईत, नंबरच सांगत्यात. मलाबी पाठ झालाय." आणि ती शाळेतल्या कवितेसारखं म्हणू लागली, "दोन, सात, चार, शून्य..."

सातही आकडे होईपर्यंत मी थांबलो. थांबायची गरज नव्हती. नाईक हैबती राणू फडतरे यांची चारही मेडलं माझ्या मागच्या खोलीत, तिसऱ्या कप्प्यात, निळ्या मखमलीवर ठेवलेली होती.

आता इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ज्यांनी फारसं काही केलेलं नाही अशांना द्यायच्या वस्तू मी पुढच्या खोलीत विकायचो आणि ज्यांनी केलंय त्यांच्या वस्तू मागच्या खोलीत जमवायचो. सुरुवात रिबनपट्ट्यांपासून झाली. निवृत्त हवालदार-सुभेदार छातीवरच्या रंगीत फितींच्या पट्ट्या माझ्याकडून बांधून घ्यायचे. कुठली फीत कुणाच्या आधी लावायची, हे एकदा डोक्यात बसलं की समोरच्या माणसाची छाती वाचता यायला लागते. कुठं लढला, किती वर्षं काढली, कुठल्या थंडीत काढली, सगळं दोन बोटं रुंदीच्या पट्टीत असतं. त्या नादात मी मेडलं घ्यायला लागलो. सोनारांकडून, भंगारवाल्यांकडून, पुण्याच्या जुन्या बाजारातून. दहा वर्षांत चौतीस जणांची जमली होती. बायको म्हणायची, या खोलीत माणसं दाटीवाटीनं राहतात आणि एकही चहा मागत नाही.

या छंदाचे नियम असतात. मेडल घासायचं नाही, त्याचा डाग काढायचा नाही, फीत बदलायची नाही. एका माणसाची मेडलं एकमेकांपासून तोडायची नाहीत. आणि विकणाऱ्याला, ही तुझ्याकडे कशी आली, असं विचारायचं नाही. शेवटचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो सगळे पाळतात.

फडतऱ्यांचा संच मला डिसेंबरात जुन्या बाजारात मिळाला. मरणोत्तर सेना मेडल आणि त्याच्याबरोबरची तीन, सगळी एकत्र. असा पुरा संच मी सहा वर्षं शोधत होतो. फेब्रुवारीत पुण्यात आम्हा जमवणाऱ्यांची बैठक होती. तिथं तो मखमलीवरून काढून टेबलावर ठेवायचा आणि कुणी विचारेपर्यंत बोलायचं नाही, हेसुद्धा माझं ठरलं होतं.

"भाऊ, हुतंय का?" शालननं विचारलं.

दहा पावलं आत जायचं आणि कप्पा ओढायचा, एवढंच काम होतं.

"होईल," मी म्हणालो. "संक्रांतीच्या आदल्या दिवशी या."

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो आणि एक चषक पाडला.

मी ती मेडलं फार मन लावून केली. अपराधी माणूस कामाला चांगला असतो, हे मला तेव्हा कळलं. मूळ मेडलांवरून साचे घेतले. व्हाइट मेटल नावाच्या हलक्या मिश्रधातूत ओतली, सेना मेडलला चांदीचा मुलामा दिला. नव्या फिती पुण्याहून, कॅम्पातल्या लष्करी शिंप्याकडून मागवल्या. कडेवर एकेक ठसा ठोकून नंबर, हुद्दा आणि नाव घातलं. सेना मेडलच्या मागच्या बाजूला एक उभा जवान असतो. मूळ मेडलात तो इतका झिजला होता की त्याला चेहराच राहिला नव्हता. साच्यातून तो आणखी पुसट आला, तेव्हा मी कोरायची कलम घेऊन त्याला जरा उठाव दिला. एकदा कलम हातात घेतली की हात थांबत नाही. मी त्याला डोळे दिले, नाक दिलं, हनुवटी दिली. जवानाच्या पायाशी एक बारीक तिरपा चरा होता. तो मात्र मी होता तसा राहू दिला. चरा हा वस्तूचा दाखला असतो, तो बुजवायचा नाही, असं आम्ही नवशिक्यांना शिकवतो.

शालन आली, बघितली, तिला ती खरीच वाटली.

"अगदी तशीच हायत, भाऊ. कशावरनं केली?"

"पुस्तकात चित्रं असतात."

मजुरी मी नेहमीचीच घेतली. सूट दिली असती तर तिला संशय आला असता, अशी मी मनाची समजूत घातली. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन खरा संच बघितला आणि पहिल्यांदाच मला तो बघून बरं वाटलं नाही. तरी कप्पा लावून टाकला.

चोवीस तारखेला दुपारी सव्वीस जानेवारीच्या ढालींवर नावं चिकटवत बसलो होतो. पन्नाशी उलटलेली एक बाई दुकानात आली. नऊवारी, पायांत रबरी चपला, कपाळ रिकामं. न विचारता स्टुलावर बसली. कनवटीला खोचलेली पुरचुंडी काढली, काउंटरवर सोडली. आत एका पट्टीला लावलेली चार मेडलं होती.

"हे तू केलंस?"

"कुणी सांगितलं?"

"मागं तुजं नाव हाय. यष्टीच्या कंडक्टरनं वाचून दावलं. फोन नंबरबी हाय म्हणला."

मी पट्टी उलटी करून पाहिली. पिनेच्या मागे दुकानाचं बारीक सोनेरी लेबल होतं. कुठलंही मेडल दुकानातून जाताना मी ते लावायचो. अकरा वर्षांची सवय, हात आपोआप गेला होता.

"आजी, ही दुरुस्तीला आली होती," मी म्हणालो. "पिना गंजल्या होत्या, म्हणून—"

"ह्याला नाक फुटलंय," चांगुणाबाई म्हणाल्या.

हे त्यांचं नाव मला शालनकडून कळलेलं होतं. मी त्यांच्याकडे पाहण्याऐवजी जवानाकडे पाहिलं. नाक चांगलं जमलं होतं.

"सहासष्ट साली हे हातात दिलं तवा ह्याला नाक व्हतं. दरसाल खंडेनवमीला हत्यारं पुजायची असत्यात. आमच्यात हत्यार कुटलं? ही काढायची, चिच्चंनं आन राखंनं घासायची, हळदकुकू व्हायचं. पंचवीस खंडेनवम्या घासली. नाक गेलं, डोळं गेलं. आता चार म्हयन्यांत परत आलं. खरी कुटं हायत?"

"मला कसं माहीत असणार? मी पुस्तकात बघून केली."

"पुस्तकात ह्यो चराबी हाय?" त्यांनी जवानाच्या पायाशी नख टेकवलं. "माजी विळी लागली व्हती हितं. सदुसष्ट साली, खोबरं कापताना. त्या पुस्तकवाल्यानं कवा बघितलं?"

रस्त्यावरून बँड चालला होता, प्रजासत्ताक दिनाची तालीम. तो लांब गेला. मग मी उठलो, मागच्या खोलीत गेलो, तिसरा कप्पा ओढला आणि मखमलीसकट तबक आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी सेना मेडल उचललं. बघितलं नाही. नुसता अंगठा फिरवला.

"कुटं गावली?"

"पुण्याला. जुन्या बाजारात."

"शालन आली तवा तुज्याकडंच व्हती?"

"हो."

"तिला सांगितलं न्हाईस."

"नाही."

"का?"

या प्रश्नाचं बरंसं उत्तर मी पंधरा दिवस तयार करत होतो. इतिहास, जतन, पुढची पिढी असे शब्द त्यात होते.

"मला आवडतात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हे कारण त्यांना पटण्यासारखं वाटलं असावं.

"मलाबी," त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. "घेऊन जा, आजी. तुमचीच आहेत. मी चुकलो. ती परवा छातीला लावा आणि माझी ही मला परत द्या, वितळवून टाकतो."

मी कागदात बांधायला घेतली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बांदू नगंस. आदी ऐक. घरात नवी घागर आली आन कोट गेला. मला काय कळत न्हाई व्हय? मी कोरेगावास्नं आले त्याच दिशी कळलं. पर मला वाटलं, मेडलं काडून ठिवली आसंल, पोरगी शाणी हाय. सुभेदार आला तवा मुद्दाम म्हणलं, कोटाच्या खिशात हायत. हिनं भाकरी करपवली, तवा कळलं मेडलंबी गेली."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे?"

"मग? म्हणून तर तिच्या म्होरं ट्रंक उगाडली न्हाई संक्रांतीपातूर. काय करती ते करू दे म्हणलं. पंधरा दिस घास न्हाई गेला तिच्या तोंडात. संक्रांतीला डबा माज्या म्होरं धरला, तवा हात आसा कापत व्हता." त्यांनी स्वतःचा हात कापवून दाखवला. "मी म्हणलं, बरं केलंस बाई, कोट जाळलास त्यो. कसरीनं खाल्लाच व्हता. आन मेडलं किती झ्याक ठिवलीस. तवा कुटं ती जेवाया बसली. आता मी ही खरी घिऊन गेले, तर तिला काय सांगू?"

"सांगा की, सापडली म्हणून."

"कुटं सापडली? तुज्याकडं? म्हंजी तिचं खोटं मला कळलं म्हणून?" त्या माझ्याकडे, मी कमी शिकलोय अशा नजरेनं बघत होत्या. "ह्यांना जाऊन पंचवीस वर्सं झाली. ह्यांना आता काय इकडं न्हाई आन तिकडं न्हाई. तिला माज्याजवळ ऱ्हायाचंय."

"मग परवा?"

"हीच लावीन. नाकवाली." त्यांनी माझं मेडल पुढे सरकवलं. "पर ह्येचं नाक जरा कमी कर. गावातल्या बायका उकिरडं फुकत्यात, एकांदीला आटवंल."

मी बफिंगचं, म्हणजे घासून चमक आणायचं मशीन सुरू केलं. मेडलच्या मागच्या बाजूला चाक लावलं. डोळे गेले, नाक गेलं. पंचवीस वर्षांचं काम दोन मिनिटांत झालं. मुलामा थोडा उडाला, तोही बरा दिसला. चांगुणाबाईंनी अंगठा फिरवून बघितलं.

"येवढ्यात झालं?" त्या म्हणाल्या. त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. "ह्ये मागचं लेबल काड."

मी लेबल काढलं. त्यांनी माझी चारही पुन्हा पुरचुंडीत बांधली आणि उठल्या. खरी मखमलीवर तशीच होती.

"ही तुज्याकडं ऱ्हाऊ देत. नीट ठिवलीस तू. मी खंडेनवमीला यीन."

"कशाला?"

"घासाया. चांदी काळी पडती."

"आजी," मी म्हणालो, "जुनी मेडलं घासायची नसतात. त्यांचा कस जातो, अक्षरं जातात. आमच्यात तर जो घासतो त्याला..." आमच्यात त्याला काय म्हणतात, ते मी सांगितलं नाही.

त्यांनी पुरं ऐकून घेतलं.

"मग त्येंचं कोन करणार?" त्या म्हणाल्या.

मी 'या' म्हणालो.

सव्वीस तारखेला मी निगुडवाडीला गेलो. आमंत्रण होतं, कारण स्मृतिचिन्हं माझ्याकडची होती. खांब पांढरा रंगवला होता. सुभेदारांनी वीरपत्नींना एका रांगेत उभं केलं होतं. मेडलं कुठल्या बाजूला लावायची, ते त्यांनीच ओरडून सांगितलं. कमावणारा ती डाव्या छातीवर लावतो, त्याच्या माघारी घरचं माणूस उजव्या बाजूला लावतं. चांगुणाबाईंच्या उजव्या खांद्याखाली माझी चार होती. पिन पदरातून घालून नीट बसवलेली होती, ती शालननं बसवली असणार. शालन मागे उभी होती आणि पांढरीफटक पडली होती.

ब्रिगेडियर उंच होते. प्रत्येकीपुढे थांबत, हात जोडत, दोन शब्द बोलत. चांगुणाबाईंपुढे ते वाकले. त्यांनी सेना मेडल दोन बोटांत धरलं, उलटं केलं. मी खुर्चीत खाली सरकलो. लष्करी माणसाला वजन कळतं.

ते बराच वेळ त्या बिनचेहऱ्याच्या जवानाकडे बघत राहिले. मग मेडल सरळ करून पदरावर हलकेच सोडलं.

"बहुत संभालके रखा है, माताजी."

"माजी सून ठिवती," चांगुणाबाई म्हणाल्या. मागे वळून त्यांनी शालनला दंडाला धरून पुढे ओढलं. "ही."

ब्रिगेडियरांनी शालनलाही हात जोडले. तिचा चेहरा मी पाहिला नाही. मी स्मृतिचिन्हं मोजायला उठलो. ती बरोबर होती.

फेब्रुवारीच्या बैठकीला मी फडतऱ्यांचा संच नेला नाही.

ऑक्टोबरात खंडेनवमीला सकाळी साडेदहाच्या एसटीनं चांगुणाबाई आल्या. माझ्या हातोड्या, ठसे, कलमा मी झेंडू घालून पुजल्या होत्या. त्या स्टुलावर बसल्या, पिशवीतून चिंच काढली, वस्त्रगाळ राखेची पुडी काढली. मी तबक आणलं आणि दुसरीकडे बघत बसलो. आवाज ऐकू येत होता. घरची सकाळीच घासून आले, म्हणाल्या, शालनच्या म्होरं. तासाभरानं हळदकुंकू वाहून, सुकं खोबरं माझ्या हातावर ठेवून त्या परत गेल्या. मी तबक उचललं. माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा संच नव्या पातेल्यासारखा चमकत होता.

अशा त्या नऊ वर्षं आल्या. पहिल्या वर्षी मला ताप आला. तिसऱ्या वर्षापासून चिंच भिजवायला वाटी मीच द्यायला लागलो. सहाव्या वर्षी नंबरातला शेवटचा आकडा गेला. सातव्या वर्षी पुण्याचे एक जाणकार दुकानात आले. त्यांनी कप्पा उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"खटावकर, ही दशा कुणी केली?"

"मालकिणीनं."

"तुमच्या मिसेसनी?"

"नाही," मी म्हणालो आणि चहा मागवला.

दोन हजार साली खंडेनवमीला साडेदहाची एसटी येऊन गेली. मी तबक काढून ठेवलं होतं. अकराच्या सुमाराला शालन आली. केस थोडे पिकले होते. या वेळी ती उंबऱ्यात थांबली नाही.

"आत्या गेल्या," ती म्हणाली. "चैत्रात."

ती स्टुलावर बसली आणि तबकाकडे बघत राहिली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"दर खंडेनवमीला डोळं दावाया साताऱ्याला जायच्या. नऊ वर्सांत चष्मा काय बदलला न्हाई. दुसऱ्या साली मी मागल्या गाडीनं आले. त्या समोरच्या हाटेलातनं बघितलं मी. हितं बसल्या व्हत्या, घासत."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांना वाटत व्हतं मला म्हाईत न्हाई." तिनं डोळे पुसले. "त्यांना बरं वाटत व्हतं त्यात."

मी तबक तिच्यासमोर सरकवलं. ही पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, हे मी दहा वर्षांनी तिला तोंडावर सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, तेबी म्हाईत हाय, हाटेलातनं बघितलं तवाच कळलं कशावरनं केली ती.

"आता तरी घेऊन जा," मी म्हणालो.

"नगं. आत्यांनी छातीला लावली ती घरात हायत. ह्यांनी चौकटीत घालून भितीवर लावलीत. आता ती काडून ही लावायची म्हंजी..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि पिशवीतून चिंच काढली.

मी आत जाऊन वाटीत पाणी आणलं. तिनं चिंच भिजवली, राख घेतली, सेना मेडल हातात घेऊन अगदी हलक्या हातानं, फुटेल अशा भीतीनं चोळायला लागली. मी थोडा वेळ बघितलं.

"त्या असं नव्हत्या घासत," मी म्हणालो. "जरा जोर लावा."